घरचे मलम सारखे का बिघडते: मेण वाढवण्याआधी तपासायच्या गोष्टी

निर्गुडीच्या किंवा कापूर-पेपरमिंटच्या घरगुती मलमाबद्दलच्या तक्रारी चार-पाचच असतात. डबी भरली तेव्हा मस्त होते, महिन्याने तेल सुटले. थंडीत बोट घुसेना. वर पांढरे आले. चोळताना रवा लागतो. खवट वास मारतो. या सगळ्यांवर उपाय मात्र एकच केला जातो: परत वितळवा आणि थोडे मेण घाला. दोन-तीन वेळा असे केले की हातात मेणबत्ती उरते. ती चोळली की कातडीवर पापुद्रा बसतो, तेल आत जिरत नाही आणि गुडघा होता तसाच दुखत राहतो.

मेण खरोखर कमी पडले, असे फार थोड्या वेळा होते. बहुतेक वेळा दोष तेलात, पाण्यात किंवा कापरात असतो आणि त्याची शिक्षा मेणाला होते. म्हणून आधी दोष ओळखायचा, मग गॅस पेटवायचा.

त्यात नाशिकची हवा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या खाली येतो आणि निफाडकडे त्याहून बराच खाली, इतका की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मध्ये चार महिने दमट पावसाळा. त्र्यंबक-इगतपुरीकडे तर कपडेसुद्धा वाळत नाहीत. एकाच डबीने हे तिन्ही ऋतू सारख्या घट्टपणाने काढावेत ही अपेक्षाच चुकीची आहे. द्राक्षांच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीला मनगटे-खांदे भरून येतात म्हणून केलेले मलम आणि ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर थंडीसाठी केलेले मलम, यांचे माप वेगळेच असायला हवे.

पुढची तपासणी समजायला एक आधाराचे माप लागेल. १०० ग्रॅम मलमासाठी:

निर्गुडीने सिद्ध केलेले तिळतेल ७८ ग्रॅम
मधमाश्यांचे मेण १४ ग्रॅम
कापूर ३ ग्रॅम
पेपरमिंटची फुले (मेंथॉल) ३ ग्रॅम
निलगिरी तेल २ ग्रॅम

उन्हाळ्यासाठी मेण १८ आणि तेल ७४. हिवाळ्यासाठी मेण १२ आणि तेल ८०. सगळे वजनावर, चमच्याने काहीही मोजायचे नाही. एक चमचा किसलेले मेण सैल भरले तर एक वजन आणि दाबून भरले तर जवळजवळ दुप्पट. 'मागच्या वेळी जमले, या वेळी नाही' या तक्रारीचे निम्मे उत्तर इथेच आहे. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमची पायरी दाखवतो. मेणाला तो चालेल, पण ३ ग्रॅम कापराला एक ग्रॅमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या.

मलम पातळ पडते, तेल सुटते, उन्हाळ्यात वाहते

इथे एक गोष्ट पक्की धरून चालता येते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. ते खरोखर १४ टक्के असेल, तर ४० अंशांच्या दुपारी मलम मऊ पडेल, फार तर पृष्ठभागावर तेलाची ओल दिसेल, पण डबी तिरकी केल्यावर ते वाहणार नाही. वाहत असेल तर पुढच्या चारांपैकी काहीतरी झाले आहे.

पहिला संशयित खोबरेल. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांना थिजते. जानेवारीत नाशिकच्या घरात बाटलीतले खोबरेल दगड झालेले असते, मग त्यात ७-८ ग्रॅम मेण घातले तरी मलम झकास घट्ट दिसते. तो घट्टपणा मेणाचा नसतोच, थिजलेल्या खोबरेलाचा असतो. मार्च उजाडला की खोबरेल आपले अंग सोडते आणि डबीत पातळ चिखल राहतो. खोबरेल वापरायचेच असेल तर एकूण तेलाच्या चौथ्या हिश्श्यापुरते ठेवा आणि बाकी तिळतेल घ्या. मोहाच्या बियांच्या तेलाचीही हीच गत. थंडीत ते थिजते आणि मेणाचे माप फसवते.

दुसरा संशयित कापूर आणि पेपरमिंट. दोन्ही कोरडे खडे, म्हणून माप लावताना माणूस ते 'घट्ट' बाजूला धरतो. पण ते एकत्र आले की न तापवता पाणी होतात. अमृतधारा अशीच तर करतात: कापूर, पेपरमिंट आणि ओव्याची फुले बाटलीत घालून हलवली की पंधरा-वीस मिनिटांत पातळ द्रव. मलमातही ते द्रवच असतात आणि मेणाला मऊ करतात. 'वास कमी वाटला म्हणून दोन्ही दुप्पट केले' असे झाले असेल, तर १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम द्रव जास्तीचा गेला. हिशेब करताना मेण एका बाजूला आणि बाकी सगळे, खडेसुद्धा, द्रवाच्या बाजूला धरा. वरच्या मापात १४ ला ८६, म्हणजे एकास सहा. आयुर्वेदातल्या सिक्थतैलाचे माप एक भाग मेणाला पाच-सहा भाग तिळतेल असे असते, ते याच्याशी जुळते.

तिसरा संशयित मेणच, पण कमी पडलेले नव्हे, भेसळीचे. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मधविक्यांकडचे पिवळे-तपकिरी मेण बहुधा खरे असते, पण कच्चे असते. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र वड्यांत पॅराफिन असू शकते. हरभऱ्याएवढा तुकडा तळहातात दोन मिनिटे मळा. मधमाश्यांचे मेण मऊ होऊन चिकटायला लागते आणि मधाळ वास येतो. पॅराफिन निसरडे राहते, वास नसतो, आणि नखाने खरवडले की पांढरा चुरा पडतो. पॅराफिन तेलाला धरून ठेवण्यात कच्चे आहे, त्यामुळे घरातली मेणबत्ती किसून केलेल्या मलमाला तेल सुटणारच, मग ती कितीही किसा.

चौथे कारण डबी कुठे ठेवली हे. दुचाकीच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या सीटखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात साठ अंशांच्या आसपास सहज जाते. तिथे कोणतेही मलम वितळेल आणि संध्याकाळी हळूहळू थिजताना रवाळ होईल. तो मलमाचा दोष नाही.

घट्टपणा तपासायची सर्वत्र सांगितली जाणारी रीत म्हणजे फ्रिजमधल्या थंड चमच्यावर थेंब टाकून बघणे. ती अर्धीच सांगितली जाते. फ्रिजमधला चमचा ५-६ अंशांचा असतो. त्यावर सगळेच घट्ट दिसते. थेंब थिजल्यावर चमचा ओट्यावर पंधरा मिनिटे राहू द्या, खोलीच्या उष्णतेला आला की मग बोटाने दाबा. मलम उन्हाळ्यासाठी असेल तर तोच चमचा दहा मिनिटे गच्चीच्या दारात, सावलीत ठेवून परत दाबा. ठसा उमटला पाहिजे, पण ओघळ नको.

वर पांढरे आले

हे बघून घाबरून अख्खी डबी फेकली जाते, किंवा न घाबरता वरचे खरवडून बाकीचे वापरले जाते. दोन्ही वेळा बहुधा निर्णय उलटा लागलेला असतो, कारण पांढरे तीन प्रकारचे असते.

झाकणाच्या आतून किंवा पृष्ठभागावर चकचकीत सुईसारखे खडे असतील आणि नाकाशी नेल्यावर कापराचा झटका बसत असेल, तर तो कापूरच आहे. गरम मलमातून उडालेला कापूर झाकणाला थडकून तिथे जमतो. थंडीत तेलाची कापूर धरून ठेवायची ताकद कमी होते, तेव्हाही तो बाहेर पडतो. काही बिघडलेले नाही, बोटाने घासून घ्या.

पृष्ठभागावर पिठाची हलकी फुंकर मारल्यासारखी सारखी लव असेल, वास बदललेला नसेल आणि अंगठा फिरवला की ती विरघळून नाहीशी होत असेल, तर तो मेणाचा फुलोरा. जुन्या मेणाच्या ढेपेवरही तो येतो. निरुपद्रवी.

ठिपके गोल असतील, कडेला हिरवट-काळपट असतील, उचलल्यावर कापसासारखे तंतू दिसत असतील, वास कुबट असेल, तर ती बुरशी. ही डबी अख्खी टाकायची. वरचा थर काढून उपयोग नाही, तंतू खाली गेलेले असतात. परत उकळूनही उपयोग नाही, कारण बुरशीने सोडलेली घाण आणि कुबट वास आतच राहतो.

पाणी, सगळ्यात जास्त दगा देणारे

शुद्ध तेल आणि मेणात बुरशी वाढत नाही, तिला पाणी लागते. मलमात पाणी येते कुठून? बहुतेक वेळा ओल्या पानांतून.

निर्गुडी गोदेच्या-दारणेच्या काठी, ओढ्यांच्या कडेला, शेताच्या बांधावर मुबलक आहे. तीन किंवा पाच पानांचा पंजा, पानाची खालची बाजू पांढुरकी, निळसर-जांभळी फुले, चुरगाळल्यावर उग्र वास. फक्त द्राक्षबागेच्या बांधावरची घेऊ नका. बागेवरची फवारणी बांधावरही उडते, आणि तेलात विरघळणारी औषधे निर्गुडीच्या गुणाबरोबर तुमच्या तेलात उतरतात. पानावर निळसर-पांढरा डाग दिसला तर तो बोर्डो मिश्रणाचाही असू शकतो. वाहत्या रस्त्याच्या कडेचीही नको.

पाने पुसून, सावलीत, एकाच थरात वाळवा. वाळली की नाही हे पानावरून ठरवू नका, देठावरून ठरवा. पान दोन दिवसांत कुरकुरीत वाटते तेव्हाही देठात ओल असते. देठ कट् आवाज करून मोडला पाहिजे. वाकला तर अजून दोन दिवस. १ किलो ओली पाने वाळून पाव किलो ते ३०० ग्रॅमपर्यंत आली की साधारण झाले. श्रावणात हा नाद सोडा, तेव्हा पाने वाळण्याआधी काळी पडतात. पावसाळ्यात मलम हवे असेल तर उन्हाळ्यातच वाळवून हवाबंद डब्यात ठेवलेली पाने काढा, किंवा काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेली निर्गुडी आणा. मात्र आणल्यावर तीही एक दिवस उन्हात टाका, पोत्यातल्या मालाला दमटपणा धरलेला असतो.

तेल काढायची सोपी रीत अशी. ५० ग्रॅम वाळलेली पाने हाताने चुरा, ३०० ग्रॅम तिळतेलात घाला, भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा आणि तेल ६०-७० अंशांवर तीन ते चार तास राहू द्या. वरचे भांडे खालच्यापेक्षा रुंद हवे. नाहीतर खालच्या पाण्याची वाफ कडेने वर येते आणि तेलातच उतरते. वरून झाकण ठेवले तर त्याचे थेंबही आत. इतक्या काळजीने पाने वाळवून मग वाफेने तेल ओले करणारे बरेच आहेत. झाकणाऐवजी सुती फडके टाका. कोमट असताना दुहेरी कोरड्या फडक्यातून गाळा. पाने ६०-८० ग्रॅम तेल पिऊन बसतात, ते पिळून घेतले तर वेगळ्या बाटलीत ठेवा आणि आधी वापरून टाका. पिळलेल्या तेलात बारीक चुरा आणि ओल येते. गाळलेले तेल रात्रभर स्थिर ठेवून सकाळी वरचे हळूच ओतून घ्या, तळाचा बोटभर गाळ सोडून द्या.

ओल्या पानांचा रसच घालायचा असेल, तर तेलपाकाची जुनी रीत आहे: कल्क १ भाग, तेल ४ भाग, रस किंवा काढा १६ भाग. म्हणजे ४०० ग्रॅम तेलाला १०० ग्रॅम वाटलेली पाने आणि १६०० मिली रस. लोक चुकतात ते शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत. भांड्यात पाणी आहे तोवर तेल शंभर अंशांच्या आसपासच घुटमळते, तासन् तास काही होत नाही असे वाटते. पाणी संपले की उष्णता एकदम चढते आणि कल्क पाहता पाहता जळतो. म्हणून बुडबुडे बारीक होऊन फेस दिसू लागला की जागचे हलू नका. चिमूटभर कल्क घेऊन बोटांत वळा. त्याची वात वळली पाहिजे. ती ज्योतीवर धरली की तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी आहे. वात वळत नाही, चुरा होतो, रंग काळा झाला म्हणजे पुढे गेले. ते तेल करपट वासाचे राहील आणि मलमातही तो वास जाणार नाही.

कोणत्याही रीतीने काढलेल्या तेलाची शेवटची परीक्षा पळीतली. पळीभर तेल गॅसवर तापवा. तडतड झाली किंवा काचेच्या बाटलीत कोमट तेल ढगाळ दिसले, तर सगळे तेल परत मंद आचेवर, ढवळत, तडतड थांबेपर्यंत ठेवा. लाकडी घाण्याचे ताजे तेलही याला अपवाद नाही. त्यात गाळ आणि थोडी ओल असतेच. आणल्यावर चार-पाच दिवस बाटली उभी ठेवा.

कच्च्या मेणात मध आणि पाणी अडकलेले असते. ते पाण्यात वितळवून, फडक्यातून गाळून, थिजू द्या. वडीच्या खालचा मळकट थर सुरीने खरवडा आणि वडी दोन दिवस वाऱ्याला ठेवा.

आणि कोरफड. तिचा गर मलमात घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. कोरफडीचा गर म्हणजे जवळपास सगळे पाणीच. मेण-तेलात तो मिसळत नाही, चमच्याने फेटल्यावर तासभर मिसळल्यासारखा दिसतो आणि आठवड्यात तळाशी पाणी सुटते. मध, गुलाबपाणी, आल्याचा रस यांचेही तेच. ते हवे असेल तर वेगळे लावा, डबीत नको.

डबीत बोट घालताना ते कोरडे असू द्या. आंघोळीनंतर ओल्या हाताने मलम काढणाऱ्या घरात बुरशी लवकर येते.

रवा लागतो

रवा दोन प्रकारचा. बोटांत चोळल्यावर उबेने विरघळतो तो मेणाचा किंवा चरबीचा. विरघळत नाही तो पानांचा, हळदीचा किंवा सुंठेचा. तो गाळण्यातला आळस आहे, आणि त्यावर उपाय वितळवून परत दुहेरी फडक्यातून गाळणे इतकाच. आंबेहळद, सुंठ पूड थेट मलमात घालू नका, ती विरघळत नाही, तळाला बसते. घालायची तर तेल काढतानाच पानांबरोबर.

मेणाचा रवा येतो तो वितळलेल्या मेणात गार तेल ओतल्याने. मेण जागच्या जागी गोठते आणि बारीक कण्या होतात, मग कितीही ढवळा. तेल आणि मेण पहिल्यापासून एकत्रच तापवा, ७० अंशांपर्यंत न्या, मिश्रण काचेसारखे स्वच्छ दिसू द्या.

कोकमाचे तेल, म्हणजे मुठेल, घालणाऱ्यांना वेगळा रवा भेटतो. कोकणातून आणलेले मुठेल भेगांवर उत्तम, आणि मलमाला छान कोरडा स्पर्श देते, पण ते ४० अंशांच्या आसपास वितळते आणि हळू थंड झाले तर त्याच्यातली जड चरबी आधी दाणे धरते. उपाय: सगळे मलम ७० अंशांवर दहा मिनिटे ठेवून जुने दाणे पूर्ण मोडा, मग भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून सतत ढवळत पटकन थंड करा आणि दाटसर होताच भरा. मुठेल नसलेल्या, तिळतेल-मेणाच्या मलमाला उलट वागवायचे. ते घाईने पंख्याखाली थंड केले की कडेने आधी थिजते, आकसते आणि मधोमध खड्डा किंवा भेग पडते. खोलीत, जागा न हलवता, हळूहळू थंड होऊ द्या. भेग दिसण्यापुरती वाईट, गुणाला काही होत नाही.

वास महिन्यात उडाला

कापूर, पेपरमिंट, निलगिरी गॅसवरच घातली गेली. त्यांचा वास घरभर पसरला म्हणजे तेवढे डबीतून गेले. शिवाय या तिन्हींची वाफ पेट घेते. कापूर आरतीत पेटतो तसाच पातेल्यावरही पेटतो. कापूर-पेपरमिंट आदल्या दिवशी छोट्या काचेच्या बाटलीत एकत्र करून पाणी करून ठेवा. तेल-मेण उतरवून गॅस बंद करा, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्या. भांड्याच्या कडेला दुधाळ रेघ धरायला लागली, म्हणजे ५५ अंशांच्या आसपास, की द्रव आणि निलगिरी घाला, अर्धा मिनिट ढवळा, लगेच भरा. कोमट होईपर्यंत वर स्वच्छ कागद टाका, मग घट्ट झाकण. पातळ कडकड्या प्लास्टिकच्या डब्या नकोत, निलगिरी त्यांना मऊ करते आणि भेगाही पाडते. जुन्या बामच्या काचेच्या बाटल्या धुऊन, कडकडीत वाळवून वापरा.

कापूर आरतीचा नको. वड्या बांधायला त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. एक खडा चमच्यात पेटवून बघा. शुद्ध कापूर मागे काही ठेवत नाही.

खवट होते

तेलाची निवड. आदिवासी पट्ट्यात खुरासणीचे तेल घरात असते म्हणून तेच घेतले जाते. जेवणात ते चवीचे, पण मलमात तीन-चार महिन्यांत खवट. सूर्यफूल आणि जवसाचेही तसेच. तिळतेल टिकते, कारण त्याच्यात स्वतःचे खवटपणा रोखणारे घटक आहेत. ४०० मिलिग्रॅमची ई जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल १०० ग्रॅमला पुरते, पण ती फक्त खवटपणा लांबवते, बुरशीला काहीही करत नाही. ई घातले म्हणून ओले तेल चालेल, असे समजू नका.

जळजळ, पुरळ, आणि काय घालू नये

गुण येत नाही म्हणून कापूर वाढवला जातो. कापराची त्वचेवरची मर्यादा साधारण ११ टक्के धरतात. घरच्या मलमात ५ च्या वर जायचे कारण नाही. पेपरमिंटचा गारवा म्हणजे त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना दिलेली हूल आहे. वेदना तेवढा वेळ मागे पडते. ३ ऐवजी ८ ग्रॅम घालून ती अडीचपट मागे जात नाही, कातडी मात्र चुरचुरते.

गंधपुऱ्याचे (विंटरग्रीन) तेल दुकानात सहज मिळते आणि गुणही देते, पण त्याला खेळण्यातले समजू नका. ५ मिली शुद्ध गंधपुरा तेल पोटात गेले तर ते ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्यांइतके होते. लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते मलमातूनही टाळावे. कापूरही तसाच: मुलाच्या पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. बाटल्या देवघरात नाहीत, कपाटात, कुलपात. दोन वर्षांखालच्या मुलांना हे मलम अजिबात लावायचे नाही, फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मिरचीचे तेल घरी मोजता येत नाही. औषधी मलमात तिखटाचा घटक ०.०२५ ते ०.०७५ टक्के असतो, आणि मिरचीगणिक तिखटपणा बदलतो. बिब्बा तर नकोच. त्याने फोड येतात आणि डाग राहतात. धोतऱ्याचे विष कातडीतून आत जाते. रुईचे पान गरम करून बांधणे वेगळे, पण रुईचा चीक मलमात नको. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढे लावून २४ तास बघा. लावल्यावर वरून शेक नको, घट्ट पट्टी नको. साधे सहन होणारे मलम शेकाखाली भाजते. जखमेवर, तोंडावर नाही. आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल, सांधा लाल-गरम होऊन ताप असेल, पडल्यावर पाय टेकवत नसेल, हातापायाला बधिरपणा असेल, छातीतून डाव्या हातात कळ जात असेल, तर डबी बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

बिघडलेला घाणा दुरुस्त करायचा हिशेब

हा हिशेब एकदा कागदावर केला की मेण घालायचा हात आपोआप आखडतो. १४ टक्के मेणाचे १०० ग्रॅम मलम १८ टक्क्यांवर न्यायला सुमारे ५ ग्रॅम मेण पुरते. पण १८ टक्क्यांचे मलम १२ वर आणायला ५० ग्रॅम तेल घालावे लागते, आणि तेव्हा कापूर-पेपरमिंटही ३ चे २ टक्के होऊन बसते. पातळाचे घट्ट करणे स्वस्त, घट्टाचे पातळ करणे महाग. म्हणून शंका असेल तेव्हा मेण कमीच घाला.

वितळवताना डबी झाकण सैल करून गरम पाण्यात उभी ठेवा, पाणी गळ्याखाली राहील इतकेच. पातेल्यात काढून गॅसवर नको. दर वितळवण्याला वास थोडा जातोच, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम कापूर-पेपरमिंटचा द्रव शेवटी परत घाला. दोनदा वितळवूनही जमत नसेल तर मेण बदला, माप नव्हे.

डबीवर तारीख, तेलाचे नाव आणि मेणाचे ग्रॅम लिहा. पुढच्या जानेवारीत 'मागच्या वेळी किती घातले होते?' याचे उत्तर तिथेच मिळते. तिळतेलाचे, कोरडे राहिलेले मलम साधारण वर्षभर चालते. बचत गटातून विकायचा विचार असेल तर लेबलाने भागत नाही: दुखण्यावरचे मलम म्हणून विकायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली उत्पादनाचा परवाना लागतो, आणि त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करावी लागते.

खवट झालेले, पण बुरशी न आलेले मलम दाराच्या बिजागऱ्यांना आणि छाटणीच्या कात्रीला लावायला उत्तम.